दहा सेकंदांना दहापट

वास्तुविशारदांच्या कार्यालयांतून ड्रॉइंग बोर्ड हद्दपार होऊन आता बरीच वर्षे झाली. टी-स्क्वेअर गेला, शाईची पेने गेली, अमोनियाचा उग्र वास मारणारे निळे नकाशेही गेले. बँकेच्या नोकरीत घरकर्जाच्या फायलींना जोडलेले असे नकाशे मी वर्षानुवर्षे उलगडले आणि घडीवर घडी घालून पुन्हा ठेवून दिले. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले असे, एकास शंभर. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर. घर केवढेही असो, कागदावर उतरण्यासाठी त्याला आधी लहान व्हावे लागे.

संगणकाने हे उलटे केले. ज्याला सगळे 'कॅड' म्हणतात त्या आरेखनात घर खऱ्या मापानेच काढतात. दहा फुटांची भिंत संगणकाच्या लेखी दहा फुटांचीच असते. लहानमोठे होते ते फक्त पडद्यावरचे दृश्य. माउसचे चाक फिरवले की आपण मागे सरकू लागतो. बिजागरी बारीक होत होत दार दिसते, मग खोली, मग मजला, मग इमारत, मग सारी वसाहत. या सगळ्यात रेघ एकही बदललेली नसते. बदललेले असते ते पाहणाऱ्याचे अंतर. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' नावाची जी प्रणाली आपल्या प्रबंधासाठी तयार केली, तीत ही सोय पहिल्यापासून होती. पडदा अवघा सात इंचांचा. त्याखालच्या खुंट्या पिळून चित्र लहानमोठे करता येई आणि दोन हजार पटींचा पल्ला धरला तर त्या सात इंचांमागे सुमारे पाव मैल लांब आणि तेवढाच रुंद कागद पसरलेला असे.

आज या मागे सरकण्याचे कोणालाच अप्रूप उरलेले नाही. शाळकरी पोरेही फोनवरच्या नकाशात दोन बोटांची चिमूट करून गल्लीतून गावात आणि गावातून देशात जातात. पण ही सवय जगाच्या अंगवळणी पडण्यापूर्वी, मागे सरकत जाणे म्हणजे नेमके काय, हे एका माणसाने नऊ मिनिटांत दाखवून दिले होते. तो संगणकतज्ज्ञ नव्हता. खगोलशास्त्रज्ञ तर नव्हताच. तो खुर्च्या करीत असे. त्याचे नाव चार्ल्स ईम्स.

चार्ल्सचा जन्म १७ जून १९०७ चा, अमेरिकेतील सेंट लुईस या शहरातला. वडील तो लहान असतानाच गेले. शाळेत असतानाच तो एका पोलाद कारखान्यात मजुरी करू लागला आणि तिथेच आराखडे काढायला शिकला. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुशास्त्राला प्रवेश मिळाला, पण दोनेक वर्षांत ते शिक्षण सुटले. पदवी अशी त्याच्या हाती कधी लागली नाही. १९२९ साली लग्न झाले, मुलगी झाली आणि त्याच सुमारास अमेरिकेवर महामंदी कोसळली. बांधकामेच थांबली, तिथे तरुण वास्तुविशारदाला कोण विचारतो? काही महिने तो मेक्सिकोत जाऊन राहिला. खिशात पैसे जवळजवळ नव्हते. थोडक्या वस्तूंत माणसे किती नेटका संसार करतात हे त्याने तिथे जवळून पाहिले. त्याच्या पुढच्या आयुष्यावर या दिवसांची सावली आहे, असे मला वाटते.

१९३८ साली फिनलंडहून आलेले थोर वास्तुविशारद एलियल सारिनेन यांनी त्याला मिशिगनमधील क्रॅनब्रुक कला अकादमीत बोलावून घेतले. तिथे दोन माणसे त्याच्या आयुष्यात आली. एक सारिनेन यांचा मुलगा ईरो. दुसरी रे कायझर. 'रे' हे नाव आपल्याला सत्यजित राय यांच्यामुळे पुरुषाचे वाटते, पण ही बाई. १९१२ साली कॅलिफोर्नियात जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये हान्स हॉफमन यांच्या हाताखाली शिकलेली चित्रकार. १९४० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घरातील फर्निचरची स्पर्धा लावली, ती चार्ल्स आणि ईरो यांनी जिंकली. आराखडे तयार करण्यात रेचाही हात होता. खुर्ची मात्र कागदावरच देखणी होती. प्लायवुडला एकाच वेळी दोन दिशांनी बाक द्यायचा तर ते तडकत असे आणि तडे झाकायला वरून गादी चढवावी लागे.

१९४१ साली चार्ल्सचा घटस्फोट झाला. त्याच वर्षी त्याने रेशी लग्न केले आणि दोघे लॉस एंजेलिसला आले. भाड्याच्या घरात, आतल्या खोलीत, त्यांनी एक यंत्र उभे केले. प्लास्टरचा साचा, त्यावर लाकडाचे पातळ पापुद्रे आणि सरस, वरून रबराचा फुगा आणि तो फुगवायला सायकलचा पंप. या धुडाला त्यांनी 'कझॅम' असे जादूगाराच्या मंत्रासारखे नाव दिले होते. तोवर अमेरिका युद्धात उतरली. जखमी सैनिकांचे मोडलेले पाय बांधायला धातूच्या पट्ट्या वापरत, पण स्ट्रेचरच्या धक्क्यांनी त्या थरथरत आणि दुखणे वाढे. या दोघांनी पायाच्या आकाराची प्लायवुडची खोबण करून दिली. अमेरिकेच्या नौदलाने तशा सुमारे दीड लाख घेतल्या. युद्ध संपल्यावर तेच तंत्र खुर्चीकडे वळले. हर्मन मिलर कंपनीने त्या खुर्च्या बाजारात आणल्या आणि १९५० साली फायबरग्लासची एकसंध खुर्ची आली. आज रेल्वे स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत आपण ज्या प्लॅस्टिकच्या वाटीसारख्या खुर्च्यांवर टेकतो, त्यांतल्या कित्येकांची ती आजी.

त्यांचे घरही सांगण्याजोगे आहे. पॅसिफिक महासागरावर नजर टाकणाऱ्या उतारावर निलगिरीच्या रांगेशेजारी एक गवताळ माळ होता. पहिला आराखडा त्या माळावर पुलासारखे घर टाकण्याचा होता. पोलाद येऊन पडेपर्यंत दोघांचे त्या माळावर प्रेम बसले. मग त्यांनी आराखडाच बदलला आणि जवळजवळ तेवढ्याच पोलादात, माळाला धक्का न लावता, झाडांच्या मागे उताराला टेकून घर बांधले. तुळया, खिडक्या, सगळे कारखान्यांच्या यादीतून मागवलेले तयार सामान. १९४९ च्या नाताळात ते राहायला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. जानेवारी २०२५ मध्ये त्या भागात भयंकर वणवा पेटला, हजारो घरे गेली. हे घर बचावले.

अशा माणसाला भारत सरकारने बोलावून घेतले, हे आपल्याकडे आता फारसे कोणाच्या लक्षात नाही. दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती. कारखाने येत होते आणि रोजच्या वापराच्या वस्तूंचा दर्जा घसरत होता. याला काय उपाय करावा हे सुचवण्यासाठी, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, चार्ल्स आणि रे भारतात आले. देशभर हिंडले. कारागिरांच्या ओसरीवर बसले. १९५८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी दिलेला अहवाल 'इंडिया रिपोर्ट' म्हणून ओळखला जातो. मी आयुष्यात अहवाल पुष्कळ वाचले, पुष्कळ लिहिलेही. त्यांतला एकही भगवद्गीतेच्या श्लोकांनी सुरू होत नव्हता. हा होतो.

आणि त्यात परदेशी तज्ज्ञाने कौतुक केले आहे ते ताजमहालाचे नव्हे, लोट्याचे. म्हणजे आपल्या तांब्याचे. समजा, असा लोटा आज नव्याने करायचा ठरवला, तर काय काय विचारात घ्यावे लागेल याची एक लांबलचक यादीच त्यांनी दिली आहे. पाणी किती मावावे. उचलणारा हात बाईचा की पुरुषाचा, केवढ्या ताकदीचा. डोक्यावर न्यायचा की कमरेवर. रिकामा असताना तोल कुठे, भरल्यावर कुठे आणि ओतताना कुठे. आत हात घालून घासता येईल का. गरम पाणी घातल्यावर धरवेल का. दगडावर टेकवताना नाद कसा येईल. किंमत किती आणि शेवटी मोडीत घातला तर हाती काय येईल. इतका सगळा विचार कोणा एका माणसाने केलेला नाही, पिढ्यांनी केला. कोणाचेच नाव त्यावर नाही. या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. नेहरूंच्या निधनानंतर १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेले नेहरूंवरील प्रदर्शन ईम्स दांपत्याने याच संस्थेतील मंडळींना बरोबर घेऊन तयार केले.

हार्वर्ड विद्यापीठातील १९७०-७१ च्या व्याख्यानांत चार्ल्सने भारतात पाहिलेली आणखी एक गोष्ट सांगितली. दक्षिणेत सर्वांत गरीब माणूस केळीच्या पानावर जेवतो. थोडी ऐपत आली की मातीचे भांडे येते, मग पितळ-काशाचे ताट, मग चांदीचे. पैसा वाढेल तशी पायरी चढत जाते. पण पैशाबरोबर ज्याला जाण आणि समजूतही आलेली असते, असा माणूस आणखी एक पायरी चढतो आणि पुन्हा केळीच्या पानावर जेवायला बसतो. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. नवल हे, की शिडीच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्या पानावर येण्याचा हा फेरा चार्ल्सने पुढे साऱ्या विश्वाच्या मापाने काढून दाखवला.

त्याची प्रेरणा हॉलंडमधली. कीस बूके हे तिथले एक शांततावादी शिक्षक. बिल्थोवन गावात त्यांनी स्वतःची शाळा काढली होती. १९५७ साली त्यांचे एक छोटे पुस्तक आले. शाळेच्या अंगणात खुर्चीवर एक मुलगी बसली आहे, मांडीवर मांजर आहे. पुढच्या प्रत्येक चित्रात आपण दहापट दूर जातो. चाळीस उड्यांत तारकाविश्वांपर्यंत आणि तिथून परत फिरून अणूच्या गर्भापर्यंत. ईम्सच्या कार्यालयाने १९६८ साली यावर एक कच्चा चित्रपट केला आणि १९७७ साली आयबीएमसाठी पक्का. त्याचे नाव 'पॉवर्स ऑफ टेन', म्हणजे दहाचे घात. निवेदन फिलिप मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञाचे. तरुणपणी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला आणि उरलेले आयुष्य अण्वस्त्रांविरुद्ध बोलण्यात घालवलेला हा माणूस. विश्वाच्या मापांबद्दल बोलायला याच्याहून योग्य आवाज मिळाला नसता.

चित्रपट सुरू होतो तो शिकागोच्या तलावाकाठच्या हिरवळीवर. एक जोडपे सहलीला आले आहे. खाणे झाले आहे, पुरुष आडवा होऊन झोपी गेला आहे. वरून एक मीटरचा चौकोन दिसतो. मग आपण वर उचलले जातो आणि दर दहा सेकंदांना दृश्य दहापट रुंद होते. दहा मीटर, शंभर मीटर, एक किलोमीटर. बाग दिसते, रस्ता दिसतो, तलावाचा काठ दिसतो, शहर दिसते. दीड मिनिटाच्या आत सबंध पृथ्वी निळ्या गोट्यासारखी मागे पडते. मग सूर्यमाला, मग आपली आकाशगंगा, मग ती स्वतःच एक ठिपका. चार मिनिटे झाली की दृश्याची रुंदी एकावर चोवीस शून्ये इतके मीटर होते, म्हणजे सुमारे दहा कोटी प्रकाशवर्षे. तिथे क्षणभर थांबून आपण पाचपट वेगाने खाली येतो, थेट त्या झोपलेल्या माणसाच्या हातावर, आणि कातडीच्या आत शिरतो. पेशी, रेणू, कार्बनचा अणू आणि अखेर त्याच्या केंद्रातील प्रोटॉन.

हे घडले कसे, ते एखाद्या बँकवाल्याला चटकन समजावे. कारण हे चक्रवाढ व्याज आहे. दहा सेकंदांत दहापट म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वीस टक्के, आणि प्रत्येक सेकंदाची वाढ मुद्दलात जमा. एक मीटर मुद्दल चार मिनिटांत कोटी प्रकाशवर्षांच्या घरात जाते. याच दराने सरळ व्याज लावले असते तर चार मिनिटांअखेर आपण त्रेसष्ट मीटरवर असतो, म्हणजे अजून बागेतच. कॅडच्या पडद्यावरचे चाकही असेच चक्रवाढ आहे. चाकाच्या प्रत्येक टिचकीला दृश्य ठरावीक फुटांनी वाढत नाही, ठरावीक पटीने वाढते. म्हणून तर खिळ्यापासून शहरापर्यंत चार-दोन झटक्यांत जाता येते. ईम्सच्या मंडळींजवळ मात्र असे चाक नव्हते. त्यांच्याजवळ छायाचित्रे होती, हाताने रंगवलेली चित्रे होती आणि रुळावर सरकणारा कॅमेरा होता. प्रत्येक चित्राच्या मधोमध एक दशांश मापात आधीचे अख्खे चित्र बसवायचे, असा तो सारा हिशेब. वरची दृश्ये शिकागोची, पण सहलीचे दृश्य चित्रित झाले लॉस एंजेलिसमध्ये. सांधा दिसत नाही.

आता या मागे सरकण्याची दुसरी बाजू. नोकरीची पहिली काही वर्षे मी ग्रामीण शाखेत होतो. तिथे विहिरीचे कर्ज म्हणजे एक माणूस होता, त्याची विहीर होती, पाणी लागले की नाही याची त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर दिसणारी खबर होती. पुढे बदली होत होत मी वरच्या कार्यालयात गेलो. तिथे तीच विहीर तालुक्याच्या बेरजेत गेली, तालुका जिल्ह्याच्या आणि जिल्हा एका रकान्यात. रकाना खोटा नव्हता. त्याच्याशिवाय पतपुरवठ्याचे नियोजन झाले नसते. पण त्या उंचीवरून विहिरीत पाणी दिसत नाही. दूर जाण्याने जसे नवे काही दिसते, तसे काही हमखास दिसेनासे होते, आणि दिसेनासे काय झाले याची नोंद कोणत्याच विवरणपत्रात नसते.

ईम्सही यातून सुटला नाही. १९५९ साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, मॉस्कोत अमेरिकेचे प्रदर्शन भरले. तिथे या दोघांनी सात प्रचंड पडद्यांवर बावीसशेहून अधिक चित्रे बारा मिनिटांत दाखवली. सुरुवात आकाशातील ताऱ्यांनी, मग वरून दिसणारी शहरे, मग अमेरिकन माणसाचा दिवस. प्रेक्षक भारावले. पण तेवढ्या उंचीवरून आणि तेवढ्या वेगात दिसलेली अमेरिका स्वच्छ, सुखी, रुंद रस्त्यांची होती. त्याच वेळी तिथल्या दक्षिणेत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या शाळेत आणि खाणावळीत मज्जाव होता, हे त्या बावीसशे चित्रांतून कळले नसते. शेवटी पडद्यावर आली ती निळी फुले, ज्यांच्या नावाचा अर्थ रशियनमध्येही विसरू नकोस असाच होतो. ही कल्पना रेची, असे सांगितले जाते.

आणि रेलाच जग विसरले. दूर गेले की जवळजवळचे दोन ठिपके एकच दिसू लागतात, तसे या दोघांचे झाले. १९४६ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या फर्निचरचे प्रदर्शन भरवले, तेव्हा नाव लावले एकट्या चार्ल्सचे. १९५६ साली त्यांची गाजलेली आरामखुर्ची अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, तेव्हा रेची ओळख झाली ती यशस्वी पुरुषामागची स्त्री म्हणून. चार्ल्स स्वतः आपल्या प्रत्येक कामात तिचा बरोबरीचा वाटा आहे असे सांगत असे, पण बराच काळ ते ऐकणारे थोडे होते. रंग कोणता, कापड कोणते, बाक कुठे थांबवायचा, ही तिची नजर. नावाशिवाय राहिलेल्या कामाचे मोल त्या दोघांना लोट्यात दिसले होते. खुद्द रेच्या कामाचे मोल मात्र अभ्यासकांनी जवळ जाऊन कागदपत्रे पाहिली तेव्हा कळले.

२१ ऑगस्ट १९७८ रोजी, सेंट लुईस या आपल्या जन्मगावी कामानिमित्त गेलेला असताना, चार्ल्स हृदयविकाराने गेला. त्या चित्रपटाला वर्षही झाले नसेल. रेने कार्यालयातील अपुरी कामे पुरी केली आणि काही लाख छायाचित्रे व कागद लावून ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सुपूर्द होतील अशी व्यवस्था केली. ती गेली २१ ऑगस्ट १९८८ रोजी. दिवस तोच, बरोबर दहा वर्षांनी. थोड्या पैशांत पुष्कळांना चांगली वस्तू मिळावी म्हणून दोघे धडपडले होते. त्यांच्या आरामखुर्चीला आज हजारो डॉलर पडतात आणि ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असते. केळीच्या पानाची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला याचे काय वाटले असते, कोण जाणे.

त्यांचा चित्रपट १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहात निवडला गेला. तो पुन्हा पाहताना एका साध्या गोष्टीकडे लक्ष जाते. कॅमेरा कितीही वर गेला तरी मध्यबिंदू हलत नाही. दहा कोटी प्रकाशवर्षांवरूनही चौकटीच्या बरोबर मधोमध तो झोपलेला माणूस असतोच. दिसत नाही, पण असतो, आणि म्हणूनच परतीच्या वाटेवर त्याचा हात नेमका सापडतो. कॅडवर काम करणाऱ्या पोरांनाही हे ठाऊक आहे. चाक फिरवताना बाण ज्या बिंदूवर असतो तो जागचा सरकत नाही, बाकी सारे आक्रसत जाते. बाण भलतीकडे असला तर पुन्हा जवळ येताना आपण भलत्याच ठिकाणी उतरतो आणि आपली खोली शोधत बसतो. चार्ल्स आणि रे यांनी बाण ठेवला होता जेवण करून निवांत झोपलेल्या एका साध्या माणसाच्या हातावर. योजना आखणारे, अंदाजपत्रके मांडणारे आणि माझ्यासारखे रकाने भरणारे, आपण सगळेच रोज मागे सरकत असतो. बाण कशावर आहे, तेवढे सरकण्यापूर्वी पाहून घ्यावे.